कॅमेरा : चालतो

आमच्या घरच्या संगणकात नवी ऑपरेटिंग सिस्टिम घालायचं मी ठरवलं तेव्हा जगाचं भलं करण्याचा माझा अजिबात विचार नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. जुनी सिस्टिम इतकी सुस्तावली होती की बटण दाबून मी दाढीला बसायचो, दाढी आटोपून तोंड पुसत बाहेर यायचो, तरी पडद्यावर ते वर्तुळ आपलं गरगरतच असायचं. "ह्याच्यापेक्षा तुम्ही लवकर उठता," असं ही एकदा म्हणाली. लग्नानंतर माझी बाजू घेऊन ती बोलल्याची ही पहिलीच वेळ, म्हणून मी ते मनावर घेतलं.

जगभरातल्या हौशी लोकांनी मिळून बनवलेली एक सिस्टिम फुकट मिळते, असं ऑफिसात कुणीतरी म्हणालं होतं. एका रविवारी ती घालायला बसलो. तेवढा वेळ घरात कुणी मिक्सर लावायचा नाही, दार आपटायचं नाही आणि मला काहीही विचारायचं नाही, असा दंडक घातला. पहिल्या दोन गोष्टींचा सिस्टिमशी काय संबंध, असं हिने विचारलं आणि तिसरा नियम मोडला. पण सिस्टिम बसली. आणि सगळं संपल्यावर पडद्यावर एक छोटी खिडकी उघडली, तिथेच माझं नशीब फिरलं.

तुमच्या यंत्रात कोणते भाग आहेत आणि त्यातले कोणते नीट चालतात, ही माहिती पाठवाल का, असं ती खिडकी नम्रपणे विचारत होती. असंच यंत्र दुसऱ्या कुणाकडे असेल तर त्याला आधीच कळेल की ही सिस्टिम आपल्याला जुळेल की नाही. खाली आवाज, कॅमेरा, वायफाय, प्रिंटर असे रकाने. प्रत्येकापुढे 'चालतो', 'अर्धवट चालतो', 'चालत नाही'. आणि सर्वांत शेवटी, मोकळ्या चौकटीत, 'शेरा'.

शेरा हा शब्द वाचून माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मी विमा कंपनीच्या दावे विभागात काम करतो. लोकांच्या अर्जात काय राहिलंय ते शोधून अर्ज परत पाठवायचा, हा माझा पोटापाण्याचा धंदा. पण आमच्याकडे शेरा मारतात ते फक्त साहेब. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला साधं 'पाहिले' असं लिहायची मुभा नाही. आणि इथे एक अनोळखी यंत्र मला म्हणत होतं, लिहा. मी लिहिलं. "आवाज चालतो. मात्र डावा स्पीकर उजव्याच्या मानाने किंचित नाराज वाटतो. पावसाळी हवेत पुन्हा तपासावे." असं बरंच.

दोन-चार दिवसांत उत्तर आलं. ही सगळी माहिती ज्या जाहीर तक्त्यात जमा होते, त्याचं काम बघणारे कुणी स्वयंसेवक होते, फार लांबच्या देशातले. इतका सविस्तर शेरा आजवर कुणी पाठवलेला नाही, तुमच्या आसपास आणखी यंत्रं असतील तर त्यांचीही माहिती पाठवा, असं त्यांनी लिहिलं होतं. मी ते पत्र स्वयंपाकघरात जाऊन हिला मोठ्याने वाचून दाखवलं.

"म्हणजे लोकांच्या घरात जाऊन काय चालतं, काय नाही ते तुम्ही बघणार?" ही म्हणाली.

"बघून नोंदवणार."

"मग सुरुवात ह्या नळापासून करा. अर्धवट चालतो."

सुदैवाने तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे मास्तर आले. मास्तर म्हणजे शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. पत्नी गेल्यापासून एकटे राहतात. त्यांच्या तोंडून कुणाबद्दल वावगा शब्द निघत नाही. एकदा वरच्या गॅलरीतली कुंडी त्यांच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर पडली, तर त्यांनी वर बघून "छान बहरलं होतं हो" असं सांगितलं. असा माणूस संगणकाला तरी काय म्हणणार? "थोडा थकलाय बिचारा," ते म्हणाले. "लेक बोलता बोलता मध्येच थांबते. म्हणजे ती थांबत नाही, चित्र थांबतं."

आता ह्या चित्राला फार महत्त्व होतं. मास्तरांची एकुलती एक लेक परदेशात असते. तिने आईच्या पाठी वडिलांना तिकडे न्यायचं ठरवलं होतं आणि मास्तरांना हे घर, हा जिना, खिडकीतून दिसणारं ते एक झाड सोडून कुठेही जायचं नव्हतं. शेवटी बापलेकीत तह झाला. दर रविवारी संगणकावर समोरासमोर बसायचं. जोवर बाबा ठणठणीत आहेत हे तिला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतंय, तोवर त्यांनी इथे राहावं. ज्या दिवशी दिसणार नाहीत, त्या दिवशी ती येऊन घेऊन जाणार. "फोनवर तुमच्यावर विश्वास ठेवता येत नाही, बाबा," असं ती म्हणाली होती. "पायाला प्लास्टर होतं तेव्हाही तुम्ही 'मजेत आहे' म्हणाला होतात."

मी मास्तरांच्या यंत्रात नवी सिस्टिम घातली. एकेक भाग तपासला. कॅमेरा लावला आणि मास्तर पडद्यावर आले, ते इतके स्वच्छ की त्यांनी लगेच कॉलर नीट केली आणि भिंतीवरचा जगाचा नकाशा पूर्ण दिसावा म्हणून खुर्ची बाजूला घेतली. रविवारी लेकीशी बोलणं झालं, एकदाही चित्र अडकलं नाही. मी घरी येऊन त्या मॉडेलपुढे नोंद केली : "कॅमेरा : चालतो. समक्ष पाहिले." 'पाहिले' हा शब्द लिहिताना मी क्षणभर डोळे मिटले होते, हे कबूल करतो.

मास्तरांनी जिन्यात भेटेल त्याला माझं कौतुक सांगितलं आणि मग लोक येऊ लागले. इथे मला मनुष्यस्वभावाचं जे दर्शन घडलं ते दावे विभागातही घडलं नव्हतं. यंत्र चालत नाही म्हणून बोलावतात, पण 'चालत नाही' असं लिहायला गेलं की हात धरतात. तळमजल्यावरच्या काकूंचा प्रिंटर वर सणसणीत थाप मारल्याशिवाय कागद सोडत नाही. मी 'अर्धवट चालतो' वर बोट नेलं.

"अर्धवट कशाला?" काकू म्हणाल्या. "चालतो की! हे बघा." आणि दिली एक.

"पण काकू, प्रत्येक माणसाला ही थाप कशी कळणार?"

"तुम्ही शेऱ्यात लिहा, थाप कुठे मारायची ते. पण अर्धवट लिहू नका. पहिल्या पगारातून घेऊन दिलाय माझ्या मुलाने. साऱ्या जगापुढे त्याचं नाक कापता का?"

पहिल्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरांचं तर काहीच चालत नव्हतं. आवाज नाही, वायफाय नाही. पण त्यांचा सल्ला देण्याचा वेग अबाधित होता. एका पेशंटला खुर्चीत आ करून ठेवून ते बाहेर आले आणि मला म्हणाले, "वरवर बघू नका. मुळाशी जा. दुखणारा भाग सरळ काढून टाका." कुठला भाग म्हणून मी विचारलं तर म्हणाले, "ते तुमचं क्षेत्र." आत पेशंटने घशातून काहीतरी विचारलं. डॉक्टर तिकडे वळून म्हणाले, "तुम्ही बोलू नका, तुमचंही मुळापर्यंत गेलंय."

अशा तऱ्हेने काम रंगात आलं असताना सेक्रेटरी आडवे आले. आमच्या इमारतीचे सेक्रेटरी म्हणजे अर्जाशिवाय शिंकसुद्धा मंजूर न करणारा माणूस. "घरोघरी माहिती गोळा करताय असं कळलं. समितीची परवानगी?" त्यांनी विचारलं. मी अर्ज दिला. तारीख नाही म्हणून परत आला. तारीख घालून दिला, तर त्या तारखेआधीच बैठक होऊन गेली म्हणून परत आला. उभ्या आयुष्यात मी लोकांचे इतके अर्ज परत केले, पण परत आलेला अर्ज हातात धरून माणूस कसा दिसतो हे मला त्या दिवशी आमच्या आरशात कळलं. शेवटी परवानगी मिळाली ती एका अटीवर. रहिवाशांना रीतसर सूचना देऊन मगच काम करायचं.

सूचना लिहिणं हा तर माझ्या डाव्या हातचा मळ. ऑफिसच्या वळणाने, कुठे म्हणून बोट ठेवायला जागा राहणार नाही अशी मी ती लिहिली आणि लिफ्टशेजारी लावली :

"सर्व रहिवाशांस कळविण्यात येते की, आपल्या घरातील संगणकाचा कॅमेरा, माईक इत्यादींची माहिती निम्नस्वाक्षरीकार समक्ष येऊन गोळा करतील व ती परदेशी पाठविण्यात येईल. कोणाचेही नाव उघड केले जाणार नाही. घाबरण्याचे काहीही कारण नाही."

ह्यात घाबरण्यासारखं काय होतं ते मला आजही सांगता येणार नाही. पण दुसऱ्या दिवसापासून मी लिफ्टमध्ये शिरलो की आतली बोलणी बंद पडू लागली. काकूंनी दार फटीएवढं उघडून "प्रिंटर झोपलाय" असं सांगितलं. त्यांच्यामागे डोकावून बघितलं तर टेबलावरच्या संगणकावर त्यांनी चादर घातलेली, तीही चारही बाजूंनी खोचून. दाताचे डॉक्टर लांबून हात हलवायचे, पण तोंड मिटून. सेक्रेटरी मात्र फार कामात दिसले. काळ्या चिकटपट्टीचं भेंडोळं घेऊन जिन्याने वरखाली करायचे. वायरिंगचं काही निघालं असेल असं समजून मी त्यांना चांगल्या कामाबद्दल शाबासकीही दिली. ते चपापले, पण हसले.

"लोकांना तुमची भीती वाटते," ही म्हणाली.

"भीती नव्हे, आदर."

"आदराने कुणी संगणकावर चादर घालत नाही."

एकटे मास्तर तेवढे पहिल्यासारखे वागत. जिन्यात दिसले की थांबून विचारत, "तुमचं काम कसं चाललंय?" त्यांचं कसं चाललंय ते मी विचारलं की "उत्तम, उत्तम" म्हणत आणि नजर कठड्याकडे वळवत. माझी यंत्रं अडली होती, मी माझ्याच दुःखात होतो. मी त्या नजरेकडे लक्ष दिलं नाही.

आणि अशा पडत्या काळात माझ्या नोंदीवर कुणीतरी शंका घेतली. त्या तक्त्यात प्रत्येक नोंदीखाली लोकांना प्रश्न विचारता येतात. नावं नसतात, टोपणनावं असतात. मी 'समक्ष' ह्या नावाने वावरत होतो. मास्तरांच्या मॉडेलखाली 'चिमणी' नावाच्या कुणा बाईंनी विचारलं होतं : "ह्या मॉडेलचा कॅमेरा नव्या सिस्टिमवर खरंच चालतो का? माझ्या वडिलांकडे हेच यंत्र आहे. ते मला दिसत नाहीत, नुसता अंधार दिसतो. ते म्हणतात इकडे सगळं व्यवस्थित आहे. कृपया खात्रीने सांगा, माझ्यासाठी फार महत्त्वाचं आहे."

प्रश्नात वाईट काही नव्हतं. पण 'खरंच' हा शब्द मला लागला. समक्ष पाहिलेल्या गोष्टीवर 'खरंच का?' बाहेर जग माझ्या शेऱ्याची वाट बघतंय आणि इमारतीत मला कुणी दारात उभं करत नाही, अशा मनःस्थितीत मी उत्तर लिहिलं : "हा कॅमेरा निर्विवादपणे चालतो. नोंद करणाऱ्याचा अनुभव दांडगा आहे. समोरची व्यक्ती दिसत नसेल, तर त्या व्यक्तीलाच दिसायचे नसावे, असा निष्कर्ष निघतो."

'निष्कर्ष निघतो' हे आमच्या साहेबांचं आवडतं वाक्य. ते वापरलं की पुढे कुणी बोलत नाही. चिमणीबाईही बोलल्या नाहीत. "समजले. आभारी आहे," एवढंच उत्तर आलं. मी हिला हाक मारून दाखवलं.

"बाई गप्प झाल्या बघ."

हिने दोनदा वाचलं. "गप्प झाली नाहीये ही. घाबरलीये," ती म्हणाली.

बायकांना प्रत्येक वाक्यात भावना दिसतात, असं म्हणून मी विषय संपवला. पण विजय घरात साजरा होत नाही, त्याला ऐकणारा लागतो, आणि इमारतीत माझं ऐकणारा एकच माणूस उरला होता. दोन दिवसांनी मी वर गेलो.

मास्तरांचं दार उघडंच होतं. खोलीत खोकी मांडली होती. भिंतीवरचा जगाचा नकाशा उतरवून गुंडाळून ठेवलेला, त्याच्या जागी भिंतीचा तेवढाच तुकडा पांढरा राहिलेला. मास्तर पुस्तकं पुसून भरत होते.

"या, या," ते म्हणाले. "बरं झालं आलात. हा नकाशा तुम्ही ठेवा. तिकडे तिच्या घरात एवढी भिंत नाही."

"तिकडे म्हणजे? मास्तर, चाललात कुठे?"

"लेक येतेय न्यायला. तिकीट काढलंय तिने. तिला मी दिसेनासा झालोय." जणू स्वतःचीच चूक असावी तसे ते हसले. "मला ती लख्ख दिसते. मी सांगायचो, तुझ्याकडेच काहीतरी बिघडलंय. आधी तिचाही विश्वास होता. पण परवा तिने कुणा जाणकाराला विचारलं म्हणे. तो म्हणाला, कॅमेरा चालतोच, तुमच्या वडिलांनाच दिसायचं नसेल. आता तिला वाटतंय मी काहीतरी दुखणं लपवतोय. फार रडली हो."

मी खोक्यावर बसलो. खोकं पुस्तकांचं होतं म्हणून निभावलं. तो जाणकार त्यांच्याच घरात, त्यांच्याच पुस्तकांवर बसला होता.

"मास्तर, तुम्ही मला का नाही सांगितलंत?"

"तुमचं मन दुखावलं असतं. एवढ्या हौसेने तुम्ही सगळं बसवून दिलंत. कुणी तुमच्याशी धड बोलत नाही अलीकडे. त्यात मी कुठे तक्रार आणू?"

त्या क्षणी मला स्वतःची जेवढी लाज वाटली तेवढी कधीच वाटली नव्हती. उठलो आणि यंत्राकडे गेलो. कॅमेरा लावला. काळोख. सिस्टिम म्हणत होती, कॅमेरा चालू आहे. माझा शेरा म्हणत होता, चालतो. पडदा म्हणत होता, अंधार. मी चष्मा पुसला आणि नाक जवळजवळ पडद्याला लावलं. वरच्या काळ्या पट्टीवर, कॅमेऱ्याच्या बरोबर डोळ्यावर, काळ्या चिकटपट्टीचा नखाएवढा चौकोन होता. काळ्यावर काळा. इतका सुबक, की कारखान्यातूनच आला असावा असं वाटावं.

"मास्तर, हे काय?"

मास्तरांनी पुस्तक खाली ठेवलं आणि पहिल्यांदाच मी त्यांना लाजताना पाहिलं. "ते होय. सेक्रेटरी येऊन लावून गेले. तुमची ती सूचना आल्यावर सगळ्यांकडेच लावलंय त्यांनी. म्हणजे तुमच्यावर अविश्वास नाही हं. मी त्यांना म्हटलं होतं, माझी लेक बघते ह्यातून. तर ते म्हणाले, काळजी करू नका, हे फक्त बाहेरच्यांसाठी आहे. घरच्यांना अडचण नाही."

"आणि तुम्हाला पटलं?"

"समितीने ठरवलंय म्हणाले," मास्तर म्हणाले. "शिवाय मला ती दिसत होतीच."

मी नखाने तो चौकोन उचकटला. लगेच पडद्यावर खोली आली, खोकी आली, पांढरा तुकडा असलेली भिंत आली आणि मधोमध हातात फडकं घेतलेले मास्तर. "लावा फोन तिला," मी म्हणालो. "आत्ता."

लेक समोर आली ती ओढलेल्या चेहऱ्याने. "बाबा, तिकीट बदलणार नाही, आता पुन्हा तो विषय…" असं म्हणता म्हणता थांबली. ह्या वेळी चित्र नव्हतं थांबलं. ती थांबली होती.

"मान वळवा," ती म्हणाली. मास्तरांनी वळवली. "दुसरीकडे. उभे राहा. चालून दाखवा खिडकीपर्यंत." मास्तर खोक्यांतून वाट काढत खिडकीपर्यंत जाऊन आले आणि आज्ञाधारक मुलासारखे उभे राहिले. "दाढी का नाही केली?" तिने विचारलं, आणि तिला हुंदकाच आला. मास्तर पडद्याकडे हात नेऊन "अगं, करतो, करतो, आत्ता करतो" असं म्हणत राहिले. मी तोंड फिरवून नकाशाच्या गुंडाळीला दोरी आहे का ते बघू लागलो.

सगळं शांत झाल्यावर मास्तरांनी मला दंडाला धरून कॅमेऱ्यापुढे उभं केलं. "ह्यांच्यामुळे बरं का. ह्यांनी शोधून काढलं. संगणकांची माहिती गोळा करतात, मोठं काम आहे त्यांचं."

लेकीने माझ्याकडे निरखून पाहिलं. आवाज एकदम बदलला. "'निष्कर्ष निघतो' असं लिहिणारे तुम्हीच का?"

मी मान हलवली. कॅमेरा उत्तम चालत होता, त्यामुळे नाकारायला जागा नव्हती.

"मी येणार आहेच," ती शेवटी वडिलांना म्हणाली. "न्यायला नाही, भेटायला. तो नकाशा आधी भिंतीवर लावा." नकाशा मी लावला. वाकडा लागला, पण मास्तर "छान लागलाय" म्हणाले.

खाली आलो तेव्हा ही कपड्यांच्या घड्या घालत होती. मी संगणकापुढे बसलो आणि तो तक्ता उघडला. माझ्या नोंदीखाली चिमणीबाईंचा नवा शेरा येऊन पडला होता : "कॅमेरा चालतो. नोंद करणाऱ्याने मात्र अधूनमधून वरच्या मजल्यावर चहाला जावे." ह्यावर हरकत घ्यायला काहीच नव्हतं. "शेरा मान्य," एवढं लिहावं म्हणून मी हात उचलले, सवयीने नजर वर गेली आणि तिथेच राहिली.

आमच्या कॅमेऱ्यावर काळा चौकोन होता. कडा कात्रीने गोल केलेल्या.

"हे कुणी लावलं?" मी ओरडलो.

"मीच," ही म्हणाली. "सेक्रेटरी आले होते पट्टी घेऊन."

"अगं, पण ही पट्टी माझ्यापासून वाचायला आहे! आणि हे यंत्रच माझं आहे! मी माझ्याच घरात…"

"मीही तेच म्हटलं त्यांना," घडी घालता घालता ती म्हणाली. "तर ते म्हणाले, असू दे वहिनी, लावून ठेवा. घरच्यांना अडचण नाही."